लिनक्सवर डिस्क उघडत नसेल तर: सीडी-डीव्हीडी माउंट करण्यातील अडचणी कशा शोधाव्यात

गोव्यात, विशेषतः फोंडा, डिचोली, सत्तरी आणि पेडणे या तालुक्यांत, जत्रेला किंवा काल्याला देवळाच्या मांडवात गावातील हौशी मंडळींनी मराठी नाटक उभे करण्याची रीत जुनी आहे. या नाटकांचे, भजनांच्या बैठकांचे आणि घरच्या लग्नांचे चित्रण अनेक घरांत व्हीसीडी (चित्रणाची सीडी) आणि डीव्हीडीवर पडून आहे. गेल्या चवथीला मी फोंडा तालुक्यातील मामांच्या घरी गेलो, तेव्हा कपाटातून अशा अकरा डिस्क निघाल्या. माझ्या लिनक्स लॅपटॉपला बाहेरून जोडायचा ड्राइव्ह लावून मी एकेक डिस्क घातली, तर त्यांपैकी पाच काही केल्या उघडेनात. मामा म्हणाले, “खराब झाल्या त्या, टाकून दे.” प्रत्यक्षात त्या पाचांपैकी एकच डिस्क खरोखर खराब झाली होती. उरलेल्या चार न उघडण्याची कारणे चार वेगवेगळी होती आणि ती ओळखता आली म्हणून त्या वाचल्या. ज्यांनी लिनक्स नुकतेच वापरायला घेतले आहे, त्यांना ही कारणे स्वतः शोधता यावीत यासाठी हा लेख लिहिला आहे.

आधी एक खुलासा. कमांड येथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत (जेथे मोठे अक्षर लागते तेथे तसे सांगितले आहे) आणि इंग्रजी अंकांत टाइप कराव्यात. जेथे मोकळी जागा दिसते तेथे स्पेस द्यावी आणि तिरकी रेघ व आडवी रेघ जशीच्या तशी ठेवावी. ‘सुडो’ म्हणजे एस-यू-डी-ओ. हा शब्द कमांडच्या आधी लावला की ती प्रशासकाच्या अधिकाराने चालते आणि संगणक तुमचा पासवर्ड विचारतो. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर बहुतेक वेळा काहीच उमटत नाही, त्यामुळे कळफलक बंद पडला असे समजू नये.

माउंट म्हणजे नेमके काय

विंडोजमध्ये डिस्क घातली की तिला एक स्वतंत्र अक्षर मिळते. लिनक्समध्ये सगळ्या फाइली एकाच झाडाला लटकलेल्या असतात आणि त्या झाडाचे मूळ केवळ एका तिरक्या रेघेने दाखवले जाते. डिस्कवरील मजकूर या झाडाच्या एखाद्या रिकाम्या फोल्डरला जोडणे म्हणजे माउंट करणे. उबुंटू किंवा लिनक्स मिंटमध्ये हे काम आपोआप होते आणि डिस्क ‘/मीडिया’ या फोल्डरच्या आत, तुमच्या नावाच्या फोल्डरखाली दिसते. फेडोरामध्ये ती ‘/रन/मीडिया’च्या खाली दिसते.

हे जोडकाम व्हायचे असेल तर चार गोष्टी क्रमाने जुळाव्या लागतात: संगणकाला ड्राइव्ह दिसला पाहिजे, ड्राइव्हला डिस्क वाचता आली पाहिजे, डिस्कवरील फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ओळखता आली पाहिजे आणि शेवटी जोडण्याची जागा व परवानगी असली पाहिजे. नवखी माणसे बहुधा शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतात आणि परवानग्या बदलत बसतात. माझा आग्रह असा आहे की तपासणी पहिल्या गोष्टीपासूनच करावी, कारण खालची पायरी ढिली असताना वरच्या पायरीवर केलेले बदल व्यर्थ जातात आणि पुढे तेच नव्या अडचणींचे कारण होतात.

पहिली पायरी: संगणकाला ड्राइव्ह दिसतो का

टर्मिनल उघडून ‘एलएसबीएलके’ ही पाच अक्षरांची कमांड द्यावी. संगणकातील सगळ्या साठवण-यंत्रांची यादी येते. तीत ‘एसआर०’ या नावाची ओळ असेल आणि प्रकाराच्या रकान्यात ‘रॉम’ असे लिहिलेले असेल, तर ड्राइव्ह दिसतो आहे असे समजावे. त्याचे पूर्ण नाव ‘/डेव/एसआर०’ असे आहे. ‘डेव’ म्हणजे डी-ई-व्ही आणि शेवटी आहे तो शून्याचा अंक, ओ हे अक्षर नव्हे. या यादीत एक फसवी गोष्ट असते: ड्राइव्ह रिकामा असतानाही त्याच्यापुढे बहुधा १०२४ एम असा आकार दिसतो (एम म्हणजे मेगाबाइट, जी म्हणजे गिगाबाइट). तो डिस्कचा आकार नव्हे. डिस्क नीट वाचली गेली की तेथे सीडीसाठी जास्तीत जास्त ७०० एमच्या आसपासचा आणि साध्या डीव्हीडीसाठी साडेचार जीच्या आतला खरा आकडा येतो.

ही ओळच नसेल, तर अडचण बहुतेक वेळा तारेत किंवा विजेत असते. यूएसबीने जोडायचे पातळ ड्राइव्ह मोटर फिरवण्यासाठी बराच प्रवाह घेतात. यूएसबी २च्या एका जोडणीतून प्रमाणाप्रमाणे ५०० मिलिअँपिअरच मिळतात, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर किंवा स्वतःची वेगळी वीज नसलेल्या हबवर डिस्क फिरू लागताच ड्राइव्ह बंद पडतो, पुन्हा सुरू होतो आणि हे चक्र चालू राहते. ड्राइव्ह थेट संगणकाला जोडावा, शक्य तर दोन तोंडांची तार वापरावी, आणि ‘एलएसयूएसबी’ ही कमांड देऊन यूएसबीच्या यादीत तो दिसतो का ते पाहावे. डेस्कटॉपमधील आतला ड्राइव्ह दिसत नसेल तर संगणक पूर्ण बंद करून, विजेची तार काढून, साटाची (ड्राइव्हला संगणकाशी जोडणारी) तार दोन्ही टोकांना घट्ट बसवावी. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत संपर्काच्या पट्ट्यांवर थर धरतो, आणि तार एकदा काढून पुन्हा लावल्यानेच काम झाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसरी पायरी: ड्राइव्हला डिस्क वाचता येते का

येथे कर्नलच्या नोंदी उपयोगी पडतात. डिस्क आत घालून अर्धा मिनिट थांबावे आणि ‘सुडो डीमेसेज’ ही कमांड द्यावी; टाइप करताना ती डी-एम-ई-एस-जी अशी लिहायची असते. शेवटच्या वीस-पंचवीस ओळी वाचाव्यात. त्यांत ‘मीडियम एरर’, ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’ किंवा ‘आय-ओ एरर’ हे शब्द आणि त्यांच्याबरोबर ‘एसआर०’ व सेक्टरचा (डिस्कवरील माहितीच्या छोट्या तुकड्याचा) क्रमांक दिसत असेल, तर ड्राइव्हला डिस्क दिसते पण काही भाग वाचता येत नाही, असा अर्थ होतो. माउंट करताना ‘नो मीडियम फाउंड’ असा संदेश आला, तर ड्राइव्हच्या मते आत डिस्कच नाही.

दोन्ही प्रसंगी दोष डिस्कचा की ड्राइव्हचा हे आधी ठरवावे. त्यासाठी चांगली म्हणून खात्री असलेली दुसरी डिस्क घालून पाहणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. ती उघडली तर पहिल्या डिस्कमध्ये दोष आहे. तीही उघडली नाही तर दोष ड्राइव्हचा, बहुधा लेन्सवर धूळ किंवा ओल आहे असे समजावे. सीडी चालतात पण डीव्हीडी चालत नाहीत, असेही घडते, कारण दोन्हींसाठी ड्राइव्हमध्ये वेगवेगळ्या तरंगलांबीचे लेसर असतात आणि त्यांपैकी एकच दुबळा होऊ शकतो.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत गोव्यात डिस्क काढून पाहणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. वातानुकूलित खोलीतून ड्राइव्ह बाहेरच्या दमट हवेत आणला की थंड लेन्सवर बाष्प धरते आणि चांगली डिस्कही वाचली जात नाही. अशा वेळी तासभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा. बंद कपाटात ठेवलेल्या डिस्कवर बुरशीचे पांढुरके ठिपके येतात. ते मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावेत आणि हात मधल्या छिद्रापासून काठाकडे सरळ न्यावा. गोल फिरवून पुसल्यास उमटणारा ओरखडा माहितीच्या मार्गाच्याच दिशेने लांबत जातो आणि असा ओरखडा ड्राइव्हला सावरता येत नाही. डाग चिवट असेल तर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. सीडीच्या बाबतीत छापील बाजू अधिक जपावी, कारण चकाकणारा थर त्या बाजूच्या पातळ लेपाच्या लगेच खाली असतो आणि तो खरवडला गेला की माहिती कायमची जाते. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती या बाबतीत थोडी सुरक्षित आहे.

मामांच्या डिस्कपैकी एक ८ सेंटिमीटरची छोटी डीव्हीडी होती, जशी एके काळी हातातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत वापरली जाई. ती घातल्यावर संगणक ‘कोरी डिस्क’ असे सांगत होता. उलटून पाहिली तर खालच्या बाजूला लिहिल्याचा गडद पट्टा स्पष्ट दिसत होता. अशा डिस्क कॅमेऱ्यातच ‘फायनलाइज’ कराव्या लागतात, म्हणजे लिहिण्याचे काम पूर्ण झाल्याची नोंद करून त्या बंद कराव्या लागतात. ते राहून गेले असेल तर इतर यंत्रांना त्या कोऱ्या वाटतात. चित्रण करणाऱ्या शेजाऱ्याकडे सुदैवाने तो कॅमेरा अजून होता. बॅटरी गेलेली असली तरी अडॅप्टरवर तो सुरू झाला, डिस्क फायनलाइज झाली आणि लॅपटॉपवर पहिल्याच प्रयत्नात उघडली. येथे एक कळकळीची सूचना आहे: संगणकाने अशी डिस्क कोरी ठरवून तिच्यावर लिहिण्याची तयारी दाखवली, तर चुकूनही होकार देऊ नये. तसेच ८ सेंटिमीटरची डिस्क फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नये, कारण ती आत अडकते.

तिसरी पायरी: डिस्कवर फाइल सिस्टिम आहे का, आणि कोणती

आता ‘एलएसबीएलके -एफ’ ही कमांड द्यावी. ‘एसआर०’च्या ओळीत फाइल सिस्टिमचे नाव आणि डिस्कचे नाव दिसते. सीडीवर बहुधा ‘आयएसओ९६६०’ असते आणि डीव्हीडीवर ‘यूडीएफ’ किंवा दोन्ही असतात. नाव दिसत असेल तर हाताने माउंट करून पाहावे:

‘सुडो माउंट -टी आयएसओ९६६० -ओ आरओ /डेव/एसआर० /एमएनटी’

येथे ‘-टी’नंतर फाइल सिस्टिमचा प्रकार येतो, ‘-ओ आरओ’ म्हणजे केवळ वाचण्यासाठी, आणि ‘/एमएनटी’ हे जोडण्याचे रिकामे फोल्डर होय. ‘आरओ’ लिहिले नाही तर डिस्क लेखनसुरक्षित असल्याची एक सूचना येते. ती चूक नसून माउंट यशस्वी झाल्याची खूण आहे. फोल्डर रिकामे किंवा अर्धवट दिसत असेल तर आधी ‘सुडो युमाउंट /एमएनटी’ देऊन डिस्क सोडवावी आणि प्रकाराच्या जागी ‘यूडीएफ’ लिहून पुन्हा जोडावी. सोडवण्याच्या या कमांडमध्ये यू-नंतर एन हे अक्षर नाही, आणि ‘कमांड सापडली नाही’ या तक्रारीचे कारण पुष्कळदा तेवढेच असते. फाइलींची देवनागरी नावे प्रश्नचिन्हांच्या रांगेसारखी दिसत असतील, तर ‘-ओ आरओ,आयओकारसेट=यूटीएफ८’ असा पर्याय द्यावा; ‘आयओकारसेट’ हा शब्द आय-ओ-सी-एच-ए-आर-एस-ई-टी असा सलग लिहावा. हा पर्याय आयएसओ९६६० प्रकारासाठी चालतो.

‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ हा लांबलचक संदेश पाहून पुष्कळ जण डिस्क गेली असे ठरवतात. त्याचा अर्थ एवढाच की सांगितलेल्या प्रकारची फाइल सिस्टिम तेथे सापडली नाही. गाण्यांच्या मूळ ऑडिओ सीडीवर फाइल सिस्टिम नसतेच, त्यामुळे ती कधीच माउंट होणार नाही. ती व्हीएलसी या प्लेअरमधून थेट वाजवावी आणि जतन करायची असेल तर ‘सीडीपॅरानोइया’ किंवा ‘साउंड ज्यूसर’ यांनी उतरवून घ्यावी. मामांकडची भजनांची एक सीडी अशीच होती. विंडोजवर पेन-ड्राइव्हसारखी वापरायची म्हणून तयार केलेली डिस्क यूडीएफमध्ये असते आणि तिचे सत्र (लिहिण्याची फेरी) बंद केलेले नसेल तर दुसरीकडे ती वाचता येईलच असे नाही. ज्यावर ती लिहिली त्याच विंडोज संगणकावर सत्र बंद करून आणणे हा योग्य मार्ग आहे. तिसरी डिस्क अशी वाचली.

व्हीसीडीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडील २००० ते २०१० या काळातील घरगुती चित्रण मोठ्या प्रमाणात याच स्वरूपात आहे आणि चांगल्या डिस्क फेकल्या जाण्याचे प्रमाणही येथेच अधिक आहे, असे मला वाटते. व्हीसीडी व्यवस्थित माउंट होते. ‘एमपीईजीएव्ही’ नावाचे फोल्डर दिसते, त्यात ‘डीएटी’ या शेपटीची मोठी फाइल दिसते, पण ती कॉपी करायला घेतली की लगेच ‘इनपुट-आउटपुट एरर’ येते. ही डिस्क खराब नसते. साध्या माहितीचा सेक्टर २०४८ बाइटांचा असतो, तर व्हीसीडीवरील चित्रणाचे सेक्टर २३२४ बाइटांचे असतात, कारण चुका सुधारण्यासाठी राखलेली जागाही तेथे चित्रणासाठी वापरली जाते. लिनक्सची नेहमीची फाइल-कॉपी असे सेक्टर वाचू शकत नाही. व्हीएलसीमध्ये ‘डिस्क उघडा’ निवडून एसव्हीसीडी-व्हीसीडी हा प्रकार घेतला तर नाटक चालू होते, आणि ‘व्हीसीडीइमेजर’ या पॅकेजमधील ‘व्हीसीडीएक्सरिप’ हे साधन चित्रण एमपीईजी फाइल म्हणून उतरवून देते. मामांनी स्वतः काम केलेले नाटक याच रीतीने मिळाले.

चौथी पायरी: जागा आणि परवानगी

येथील संदेश बहुधा स्वतःच अर्थ सांगतात. ‘माउंट पॉइंट डझ नॉट एक्झिस्ट’ आले तर फोल्डर तयार केलेले नाही. ‘सुडो एमकेडिर’ आणि पुढे फोल्डरचा पत्ता देऊन ते करावे. ‘मस्ट बी सुपरयूजर’ आले तर कमांडच्या आधी ‘सुडो’ राहिले आहे. वापरकर्त्याला ड्राइव्हच हाताळता येत नसेल तर ‘एलएस -एल /डेव/एसआर०’ देऊन मालक गट पाहावा. डेबियन आणि उबुंटूवर तो ‘सीडीरॉम’ असतो आणि त्या गटात स्वतःला घालण्यासाठी ‘सुडो यूजरमॉड -एजी सीडीरॉम’ व पुढे आपले वापरकर्ता-नाव असे लिहितात. या कमांडमधील ‘-एजी’त ए लहान आणि जी मोठा असतो. लहान ए गाळला गेला तर तुम्ही बाकीच्या सगळ्या पूरक गटांतून बाहेर पडता, सुडोच्या गटातूनही, आणि मग साधी दुरुस्तीसुद्धा अवघड होते. बदल लागू होण्यासाठी एकदा लॉग-आउट करून परत यावे.

डिस्क बाहेर येत नसेल तर ती अजून जोडलेली असते. ‘टार्गेट इज बिझी’ असे आले तर कोणता प्रोग्रॅम ती धरून आहे हे ‘सुडो फ्यूजर -व्हीएम /एमएनटी’ सांगते. हा शब्द एफ-यू-एस-ई-आर असा लिहावा. बहुतेक वेळा आपलेच टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभे असते आणि ‘सीडी’ ही फोल्डर बदलण्याची कमांड देऊन बाहेर आले की अडचण सुटते. त्यानंतर ‘इजेक्ट’. तरीही ट्रे उघडला नाही तर ड्राइव्हच्या तोंडावरील बारीक छिद्रात सरळ केलेली टाचणी हळूच ढकलावी, मात्र यंत्र बंद असतानाच.

काही जुन्या मार्गदर्शनांत ‘/इटीसी/एफएसटॅब’ या, काय कोठे जोडायचे याची यादी असलेल्या, फाइलमध्ये ड्राइव्हची ओळ लिहायला सांगतात. आजच्या डेस्कटॉपवर तिची गरज नसते. लिहायचीच असेल तर पर्यायांत ‘नोऑटो’ अवश्य घालावे, कारण अन्यथा संगणक सुरू होतानाच डिस्क जोडू पाहतो आणि डिस्क आत नसल्यास सुरू होण्याचे काम आणीबाणीच्या स्थितीत येऊन थांबू शकते.

डिस्क खरोखर खराब असेल तेव्हा

दुसऱ्या पायरीवर वाचनदोष दिसले असतील तर डिस्क पुन्हा पुन्हा माउंट करून फाइली ओढू नयेत. प्रत्येक प्रयत्नात ड्राइव्ह त्याच जागी अडखळतो, आणि जी डिस्क आज अर्धी वाचते ती पुढच्या पावसाळ्यानंतर तेवढीही वाचेल याची शाश्वती नसते. तिची सबंध प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमधील हुबेहूब नक्कल, एकदाच काढून घ्यावी. त्यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन आहे. डेबियन आणि उबुंटूवर त्याच्या पॅकेजचे नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ असे आहे. डिस्क सोडवून घ्यावी, साठवणीत पुरेशी जागा असल्याची खात्री करावी आणि ही कमांड द्यावी:

‘सुडो डीडीरेस्क्यू -एन -बी २०४८ /डेव/एसआर० नाटक.आयएसओ नाटक.मॅप’

पहिल्या फेरीत सहज वाचता येणारा भाग उतरतो आणि राहिलेल्या जागांची नोंद मॅप फाइलमध्ये होते. दुसऱ्या फेरीत ‘-एन’ऐवजी ‘-डी -आर ३’ लिहावे, म्हणजे अवघड जागांवर तीन वेळा प्रयत्न होतो. मॅप फाइल तीच ठेवली तर काम मध्येच थांबवता येते, वीज गेली तरी आधीचे श्रम वाया जात नाहीत, आणि तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेल्या जागा वाचता येतात. एका ड्राइव्हला न जमलेले सेक्टर दुसरा सहज वाचतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. ही रीत माहितीच्या सीडी व डीव्हीडींसाठी आहे. ऑडिओ सीडी व व्हीसीडीसाठी वर सांगितलेलीच साधने वापरावीत.

मिळालेली प्रतिमा ‘सुडो माउंट -ओ लूप,आरओ नाटक.आयएसओ /एमएनटी’ अशी जोडता येते. मामांच्या पाचव्या डिस्कवरील लग्नाचे चित्रण याच रीतीने काढले. दोन ड्राइव्ह आणि पाच तास लागले, शेवटची काही मिनिटे गेली, पण आजीचा आवाज असलेला भाग पूर्ण मिळाला. प्रतिमा हाती आल्यावर चित्रण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा पाहावे, तिची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि मूळ डिस्क पुसून, उभी, कोरड्या जागी परत ठेवावी.